कीवर्डला व्हॉल्यूम नाही म्हणे!

मंडळी, जालावर मराठीत लिहिणाऱ्यांना हल्ली एक सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. लिहायला बसण्याआधी म्हणे कीवर्ड बघा. लोक तो शब्द गूगलवर महिन्याला किती वेळा शोधतात ते फुकटच्या साधनांत तपासा. आकडा मोठा असेल तर लिहा, छोटा असेल तर वेळ घालवू नका, आणि शून्य असेल तर... तर मग तुम्ही कवी आहात, तुमचं तुम्ही बघा. :)

मला या सल्ल्याशी भांडायचं आहे. आकड्यांशी माझं वैर नाही. उलट नोकरीची सगळी वर्षं मी हिशेब तपासण्यात घालवली आहेत. पण त्या नोकरीने एक खोड लावली. कुणीही आकडा पुढे केला की आधी विचारायचं, हा आला कुठून, मोजला कुणी आणि कशासाठी? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत तो आकडा म्हणजे नुसती शाई. कीवर्डच्या आकड्यांना हे तीन प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. ही साधनं शब्द निवडायला वापरा, विषय निवडायला वापरू नका. आणि मराठी शब्दापुढे तिथे जे शून्य दिसतं, ते वाचकांचं शून्य आहे असं समजू नका.

आता सविस्तर.

फुकटच्या साधनांत सगळ्यांत मानाचं म्हणजे गूगलचा कीवर्ड प्लॅनर. २०१३ साली तो आला आणि त्याआधीचं कीवर्ड टूल बंद झालं. बाकीची बरीचशी साधनं कमीअधिक प्रमाणात याच्याच विहिरीवर पाणी भरतात. आता हा प्लॅनर कुणासाठी बनवला? जाहिरात देणाऱ्यांसाठी. एखाद्या शब्दावर जाहिरात लावली तर ती किती वेळा दिसेल आणि किती खर्च येईल, याचा अंदाज दुकानदाराला यावा म्हणून. लेखकासाठी नाही, वाचकासाठी तर नाहीच. यात गूगलची काही लबाडी आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी काही लपवलेलं नाही, वजनकाट्यावर कापड मोजायला आपण गेलो आहोत.

बरं, २०१६ पासून या प्लॅनरने जाहिरातींवर फारसा खर्च न करणाऱ्यांना नेमका आकडा दाखवणं बंद केलं. त्यांना फक्त टप्पे दिसतात. १० ते १००, १०० ते १०००, १००० ते १०,००० असे. म्हणजे फुकट वापरणाऱ्याला मिळणाऱ्या प्रत्येक उत्तरात दहापटीची चूक आधीच मान्य केलेली असते. कल्पना करा, वाण्याला विचारलं की साखर किती आहे हो, आणि तो म्हणाला एक किलो ते दहा किलो! आपण पिशवी उचलून घरी जाऊ. इथे मात्र आपण तोच टप्पा वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या सहा महिन्यांचं लिखाण त्यावर ठरवतो.

त्याच तक्त्यात 'स्पर्धा' नावाचा एक रकाना असतो. कमी, मध्यम, जास्त. याचा अर्थ भलेभले चुकीचा सांगतात. 'स्पर्धा कमी' म्हणजे या शब्दावर पहिल्या पानावर येणं सोपं, असं क्लासमध्येसुद्धा शिकवतात. तो रकाना जाहिरातदारांमधल्या चढाओढीचा आहे. स्पर्धा कमी याचा अर्थ इतकाच की त्या शब्दावर पैसे लावायला फारसं कुणी तयार नाही. मराठी शब्दांवर ते तयार नव्हतेच म्हणा. संकेतस्थळांवर जाहिराती लावणारी गूगलची जी अ‍ॅडसेन्स सोय आहे, ती हिंदी पानांसाठी २०१४च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि मराठीचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी लागला. जिथे बाजारच उशिरा भरला तिथल्या मापांवरून गावात माणसं किती ते कसं कळणार?

आता पुढची पायरी बघा. शोधांची संख्या मिळाली की तिला टक्क्याने गुणायचं, म्हणजे आपल्याकडे किती लोक येतील ते कळतं, असं गणित शिकवलं जातं. हे टक्के आले कुठून? त्याची एक जुनी गोष्ट आहे. २००६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांचे शोध संशोधनासाठी म्हणून जाहीर केले. नावं काढली होती, पण शोधांवरून माणसं ओळखू येऊ लागली आणि मोठा गदारोळ झाला. कंपनीने ती माहिती काढून घेतली, पण तोवर ती जगभर पसरली होती. त्यातून लोकांनी हिशेब काढला की पहिल्या क्रमांकाच्या दुव्यावर साधारण ४२ टक्के क्लिक पडतात, दुसऱ्यावर १२ आणि तिसऱ्यावर ८. पुढे इतरांनी इतर तक्ते केले, टक्के बदलले, पण गुणाकाराची पद्धत तीच राहिली.

हा गुणाकार एकदा करूनच बघू. समजा टप्पा आहे १०० ते १०००. समजा आपण पहिल्या ते तिसऱ्या क्रमांकावर कुठेतरी येऊ. वाईटात वाईट, १००चे ८ टक्के म्हणजे ८. चांगल्यात चांगलं, १०००चे ४२ टक्के म्हणजे ४२०. तेव्हा उत्तर आलं, महिन्याला ८ ते ४२० वाचक. शेवटचा आकडा मी मुद्दाम आणला नाही, तो आपोआपच चारसोबीस आला. :) आणि हे टक्के अमेरिकेतल्या, इंग्रजीत आणि त्या काळच्या घरच्या कॉम्प्युटरवर शोधणाऱ्या लोकांचे. आपला वाचक मोबाईलवर, मराठीत, बहुतेक वेळा रेंज जात-येत असताना शोधणार. शिवाय आता उत्तर शोधाच्या पानावरच वाचून लोक परत जातात. २०२४ साली अमेरिकेतल्या शोधांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर १००० शोधांमागे जेमतेम ३६० क्लिक बाहेरच्या संकेतस्थळांपर्यंत पोचत होते. साप्ताहिक राशिभविष्यसुद्धा यापेक्षा जरा जपून बोलतं.

इथवरची तक्रार कुठल्याही भाषेत खरी आहे. मराठीत तिच्यावर आणखी चार थर चढतात. त्यासाठी आमच्या गावाइतकं सोयीचं उदाहरण शोधून सापडणार नाही.

गावाचं नाव लोणी काळभोर. पण बोलताना सगळे नुसतं 'लोणी' म्हणतात, आणि पुणे-दौंड मार्गावरच्या आमच्या रेल्वे स्टेशनचं नावही लोणीच आहे. आता 'लोणी' हा शब्द साधनात टाका. जो काही आकडा येईल त्यात कोण कोण आहे? लोणी कढवून तूप करणाऱ्या गृहिणी आहेत. नगर रस्त्यावरचं लोणी कंद आहे, बारामती तालुक्यातलं लोणी भापकर, इंदापूरचं लोणी देवकर, आंबेगावचं लोणी धामणी, अहिल्यानगर जिल्ह्यातलं विखे पाटलांच्या साखर कारखान्याशेजारचं लोणी बुद्रुक आहे. हिंदीत शोधणारे असतील तर उत्तर प्रदेशात गाझियाबादजवळचं लोणीही आहे, ते 'लोनी' असं लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत आमचं आणि त्यांचं स्पेलिंग एकच. माझ्या गावाचे यातले किती? साधन काही सांगत नाही. आणि नेमकेपणासाठी 'लोणी काळभोर' असं पूर्ण नाव टाकावं, तर गावातलीच माणसं ते पूर्ण नाव सरकारी अर्ज सोडून कुठे लिहीत नाहीत!

दुसरा थर लिहिण्याच्या पद्धतीचा. सातबाराचा उतारा घ्या. महाराष्ट्रात जमीन असणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी लागतोच. हा शब्द लोक कसा शोधतात? 'सातबारा' जोडून, 'सात बारा' तोडून, '७/१२' मराठी आकड्यांत, तोच इंग्रजी आकड्यांत, मधली तिरकी रेघ न देता, 'सातबारा उतारा', 'ऑनलाइन सातबारा', 'महाभूलेख', आणि हे सगळं पुन्हा इंग्रजी अक्षरांत प्रत्येकाच्या मनाला येईल त्या स्पेलिंगने. एकच गरज, आणि तिचे डझनभर तुकडे. यातला एखादाच तुकडा ज्याने तपासला त्याला वाटणार, अरे, हे तर फार कुणी शोधत नाही. आणि सातबाऱ्याची ही गत, तर लहान विषयांचे तुकडे दिसण्याइतकेसुद्धा मोठे उरत नाहीत.

त्यात आपली भाषा प्रत्ययांची. थेऊर, थेऊरचा, थेऊरला, थेऊरहून. रस्ता म्हटलं की रस्त्यावर, रस्त्याचं, रस्ते, रस्त्यांची. शिवाय एक गंमत जुन्या टंकलेखकांना आठवेल. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला वेगळा ऱ असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्रापुढे अक्षरांच्या दोन निरनिराळ्या रांगा असतात. शोधताना गूगल बऱ्याचदा सांभाळून घेतं, पण आकड्यांच्या तक्त्यात ही सगळी रूपं एका ओळीत आली की विखुरली, हे त्या ओळीवरून कळत नाही.

तिसरा थर मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्लॅनर जो आकडा देतो तो बारा महिन्यांची सरासरी असते. आणि आपलं आयुष्य चालतं तिथीने.

तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातून निघाली की पुढचा मुक्काम आमच्याकडे, लोणी काळभोरला. त्या दिवसांत मुक्काम कधी, सोलापूर रस्ता किती वाजता बंद, पर्यायी रस्ता कुठला, हे प्रश्न वारकऱ्यांच्या घरच्यांना पडतात, ट्रकवाल्यांना पडतात, हडपसरला कामाला जाणाऱ्यांना पडतात. समजा त्या चार दिवसांत मिळून १२०० वेळा हा शोध झाला आणि एरवी वर्षभर एकदाही नाही. तर सरासरी येईल महिन्याला १००. क्लासवाला सांगेल, सोडून दे. पण ते १२०० शोध म्हणजे रस्त्यात अडकलेली माणसं होती, आणि त्यांना त्याच तासाला उत्तर हवं होतं. बरं, महिन्यांचा आलेख बघावा तर तोही चकवतो. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. म्हणजे आमच्याकडचा मुक्काम एका वर्षी जूनच्या मध्यावर आणि पुढच्या वर्षी थेट जुलैत. जूनशी जूनची तुलना करणारा म्हणणार, पालखीबद्दलची उत्सुकता वर्षभरात एकदम ओसरली! आमच्या शेजारी थेऊर आहे, अष्टविनायकांतला चिंतामणी. तिथे दर संकष्टीला गर्दी, आणि अंगारकी आली की विचारूच नका. कुठल्या महिन्यात अंगारकी हे पंचांगवाला अचूक सांगतो. सरासरीला मात्र ती दिसत नाही.

चौथा थर गूगल ट्रेंड्सचा. २००६ साली आलेलं हे साधन खरोखर सुंदर आहे आणि म्हणूनच जास्त धोकादायक. त्यात ० ते १०० असा जो आलेख दिसतो तो शोधांचा आकडा नसतो. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० मानून बाकी सगळं त्याच्या प्रमाणात काढलेलं असतं. आणि तेही संख्येवरून नाही, त्या भागातल्या एकूण शोधांमध्ये या शब्दाचा वाटा किती, यावरून. हा फरक बारीक वाटतो, पण त्यातून मोठमोठे निष्कर्ष काढले जातात. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि देशात शोधणाऱ्यांची गर्दी अफाट वाढली. समजा एखाद्या मराठी लेखकाचं नाव आधी १००० लोक शोधत होते आणि आता २००० शोधतात, पण एकूण शोध मात्र दहापट झाले. तर ट्रेंड्सचा आलेख खाली जाणार! प्रत्यक्षात वाचक दुप्पट झाले. असा घसरता आलेख चिकटवून 'मराठी वाचनसंस्कृती संपली' असं म्हणणारे लेख वाचले की मला त्यांच्या हिशेबवह्या मागवून घ्याव्याशा वाटतात.

'समजा' हा शब्द मी इतक्यांदा वापरतोय कारण माझे आकडे समजुतीसाठी आहेत. क्लासमध्ये असेच आकडे 'समजा' काढून टाकून सांगतात.

माझा एक भाचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आला आहे. हुशार आहे, कामाचा आहे, आणि हे वाचून चिडणार आहे. (आत्या, तुम्ही मध्ये पडू नका.) त्याला मी म्हटलं, पालखीच्या वेळी गावातले रस्ते आणि पाण्याच्या जागा यांची यादी करून टाकायची आहे. त्याने मोबाईलवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "मामा, व्हॉल्यूम नाही याला. तुम्ही उखाण्यांवर टाका, लग्नसराई आहे." मी विचारलं, उखाण्यांवर आधीच किती पानं आहेत रे? तर म्हणाला, "ढीग आहेत. म्हणूनच तर मागणी आहे."

या एका वाक्यात माझं सगळं भांडण आलं. उखाणे मलाही आवडतात. पण प्रत्येकजण तोच तक्ता बघून ठरवायला लागला तर सगळे एकाच दारात जाऊन उभे राहणार. आणि राहिलेच आहेत. मराठीत काहीही शोधा, समोर काय येतं? वाढदिवसाच्या शुभेच्छा, माझा आवडता सण निबंध, मुलींची नावं व अर्थ, आजचं राशिभविष्य, सोन्याचा भाव. त्याच पाच विषयांची तीच ती पानं, एकमेकांतून उतरवलेली. पुन्हा या दारातली पुढची जागा मोठ्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी केव्हाच धरलेली आहे. मागून आलेल्या एकट्या माणसाला तिथे काय मिळणार? आणि दुसऱ्या बाजूला, तालुक्यातल्या माणसाला खरोखर अडलेलं काही शोधा... इंग्रजीतून यंत्राने कसंबसं उलथवलेलं मराठी, नाहीतर काहीच नाही.

यात एक दुष्टचक्र आहे. उत्तर मिळत नाही म्हणून माणूस मराठीत शोधणं सोडतो. शोधणं सोडलं म्हणून आकडा शून्य. आकडा शून्य म्हणून कुणी लिहीत नाही. कुणी लिहिलं नाही म्हणून उत्तर मिळत नाही. दुकानात माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून ठेवत नाही म्हणायचं, त्यातली गत. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली होती. इतक्या माणसांना आपल्या भाषेत विचारण्यासारखे प्रश्न फक्त वाढदिवस आणि राशीचे पडतात, हे मला मान्य नाही.

आणि आता यंत्रंही उत्तरं द्यायला लागली आहेत. ती यंत्रं जे लिहिलेलं सापडतं त्यावरच शिकतात. आपण जे लिहून ठेवलं नाही ते त्यांना मराठीत कुठून कळणार? थेऊर म्हटलं की ती अष्टविनायकाची ठरलेली दोन वाक्यं म्हणून दाखवतील. पुढचं सांगायला थेऊरच्या माणसाने आधी ते लिहायला हवं.

गूगल स्वतःच अनेक वर्षं सांगत आलं आहे की रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच झालेले नसतात. म्हणजे ते कुठल्याच साधनाच्या मागच्या आकड्यांत असणं शक्य नाही. २०१७ साली गूगलवर मराठीत बोलून शोधायची सोय आली, तेव्हापासून तर लोक कीवर्ड असे टाकतच नाहीत. आमच्याकडची म्हातारी माणसं फोन तोंडाशी धरून अख्खं वाक्य विचारतात, तेही बाजूला बसलेल्या माणसाला विचारावं तसं. ते वाक्य तसंच्या तसं दुसऱ्या कुणी विचारलेलं नसतंच. त्याला कसला व्हॉल्यूम आणि कसलं काय.

आता विरुद्ध बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे, नाहीतर हे भांडण न राहता नुसती कुरकूर होईल. साधनांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे. आपण लिहिणारी माणसं आपल्याच शब्दांच्या प्रेमात असतो. शेतकऱ्यासाठी लेख लिहायचा आणि त्यात शेवटपर्यंत 'कूपनलिका' म्हणायचं. शेतकरी म्हणतो बोअर, शोधतो बोअरवेल. तो लेख कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत पोचणार नाही, आणि दोष गूगलचा नाही. 'भ्रमणध्वनी'ची तीच कथा. असे दोन शब्द शेजारी ठेवून ट्रेंड्समध्ये तुलना केली की लोकांचा शब्द कुठला हे लगेच दिसतं. तिथे प्रमाणच हवं असतं, नेमका आकडा नकोच असतो. म्हणून म्हटलं, शब्द निवडायला ही साधनं उत्तम. विषय मात्र तुम्ही आणा.

अंदाज बांधायचाच असेल तर फुकटातच याहून बरे मार्ग आहेत. तेही सांगतो, म्हणजे नुसतं मोडून ठेवलं असं व्हायला नको.

एक म्हणजे गूगलचं सर्च कन्सोल. २०११ पर्यंत कोण कुठला शब्द शोधून आपल्याकडे आलं हे साध्या काउंटरवरसुद्धा दिसायचं, जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते झाकायला सुरुवात झाली आणि २०१३ पर्यंत जवळजवळ सगळं झाकलं गेलं. आता ते पाहायची जागा म्हणजे हे कन्सोल. आपलं पान कुठल्या शोधात किती वेळा दिसलं, किती लोक आत आले, सरासरी कितवा क्रमांक होता, हे १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. हे स्वतःच्या गल्ल्यातले मोजलेले पैसे आहेत, अंदाज नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. खालच्या शब्दांची बेरीज वरच्या एकूण क्लिकशी जुळत नाही. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणासाठी दाखवत नाही. बेरीज आणि एकूण यांच्यातली तूट म्हणजेच आपले विखुरलेले वाचक. कीवर्डच्या तक्त्यात ज्यांच्यापुढे शून्य लिहिलंय ते इथे, या तुटीत बसलेले असतात.

दुसरा मार्ग विकिपीडियाचा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. त्यातलं कुठलं पान रोज किती वेळा उघडलं गेलं याचे जुलै २०१५ पासूनचे आकडे कुणालाही फुकट बघता येतात. टप्पे नाहीत, प्रमाण नाही, सरळ मोजणी. तारखेप्रमाणे असल्यामुळे पंचांग शेजारी ठेवून बघता येतात. आपल्या विषयाच्या जवळचं पान काढा आणि सणावाराला काय होतं ते बघा.

तिसरा, शोधाच्या चौकटीत शब्द अर्धवट लिहून थांबा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते वाचा. आकडा मिळणार नाही, पण लोकांची भाषा मिळेल. ट्रेंड्स वापरताना नुसता शब्द न घेता तो जिथे 'विषय' म्हणून उपलब्ध असेल तिथे विषय घ्या. मग निरनिराळी स्पेलिंगं आणि भाषा बऱ्याच अंशी एकत्र येतात. आणि कन्सोलमधून ज्याचा आकडा तुम्हाला माहीत आहे असा एक शब्द त्याच्याशेजारी ठेवा. माहीत असलेल्या मापाने माहीत नसलेलं मोजायचं, शाळेत त्रैराशिक शिकलो तेच.

आणि चौथा मार्ग, माझा सगळ्यांत आवडता. गावातल्या महा ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जा आणि तिथल्या पोराला विचारा, लोक तुला काय काय विचारतात रे? कुठल्या दाखल्याला काय कागद लागतात, कुठला अर्ज कुठे अडतो, नाव चुकलं तर काय करायचं, तो धडाधड दहा विषय सांगेल. त्यातला प्रत्येक विषय कुणीतरी रांगेत उभं राहून विचारलेला असतो. इतका खात्रीचा कीवर्ड जगातलं कुठलंही साधन देणार नाही.

आता कुणी म्हणेल, पण चाळीसच लोक वाचतील त्याचं काय? तर चाळीस ही संख्या लहान आहे असं कुणी ठरवलं? जाहिरातवाल्याने. त्याच्या धंद्यात ती लहान आहेच. पण देवळाच्या ओट्यावर चाळीस माणसं तुमचं ऐकायला बसली तर तुम्हाला घाम फुटेल. ज्याला त्या संध्याकाळी पालखीच्या गर्दीतून आईला दवाखान्यात न्यायचं आहे, त्याला मोकळा रस्ता सांगणारं एक पान सापडलं तर त्या पानाचं काम झालं. ते वर्षातून चाळीसदाच उघडलं जातं म्हणून ते लिहूच नये, हा हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

तेव्हा मंडळी, एवढंच करा. आपल्या गावाची, गल्लीची, धंद्याची अशी एक गोष्ट निवडा जी तुम्हाला नीट माहीत आहे आणि जिच्यापुढे साधन शून्य दाखवतं. ती लोकांच्या शब्दांत लिहून टाका. मग वर्षभराने कन्सोल उघडा आणि ते शून्य जागेवर आहे का बघा. मी पालखीची यादी करतोच आहे, व्हॉल्यूम असो वा नसो.

असो. बरंच लांबलं. तुमचे अनुभव जरूर कळवा, विशेषतः माझ्या विरुद्ध असतील तर.

ता.क. भाच्याने हे पोस्ट करण्याआधी वाचलं. म्हणतो, "मामा, मथळ्यात कीवर्ड चांगला बसलाय!"